परत आलेल्या लॅपटॉपमधले भाग माझे नाहीत: खरेदीदाराच्या खोट्या तक्रारीला पुराव्याने उत्तर कसे द्यावे?

धागालेखक

गेली सहा वर्षे मी स्वतःची आणि नातेवाइकांची वापरलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणे ऑनलाइन विकत आलो आहे. आजवर तीस-पस्तीस व्यवहार झाले आणि दोन-तीन किरकोळ गैरसमज सोडले, तर कोणाशीही वाद झाला नाही. या वेळी मात्र मी पुरता अडकलो आहे आणि जाणकारांनी मार्ग सुचवावा, अशी मनापासून विनंती आहे.

चार वर्षे वापरलेला एक लॅपटॉप मी विकला. ५१२ जीबीची एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क) आणि आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी मेमरी, असे त्याचे स्वरूप होते. बिजागरीजवळ एक तिरका ओरखडा आहे आणि बॅटरीची क्षमता मूळच्या ७१ टक्के उरली आहे, हेही मी वर्णनात लिहिले होते. पार्सल पोहोचल्यानंतर सहाव्या दिवशी खरेदीदाराचा निरोप आला, की लॅपटॉप सुरूच होत नाही; निम्मी रक्कम परत करा, मी तो इथेच दुरुस्त करून घेतो. मी त्यांना सुरू न होणाऱ्या लॅपटॉपचा व्हिडिओ मागितला. व्हिडिओ आला नाही, त्याऐवजी ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ अशी अधिकृत तक्रार दाखल झाली. मी खाजगी संभाषणात व्हिडिओची वाट पाहत राहिलो आणि तक्रारीला उत्तर देण्याची तीन दिवसांची मुदत उलटून गेली. निर्णय आपोआप खरेदीदाराच्या बाजूने लागला.

पाठवल्यापासून सतराव्या दिवशी लॅपटॉप परत आला. चार्जर लावताच तो विनातक्रार सुरू झाला. मेमरी मात्र चारच जीबी दिसते. एसएसडी ५१२ जीबीचीच आणि त्याच कंपनीची आहे. तळाच्या झाकणाच्या दोन स्क्रूंची डोकी घासलेली आहेत, ती पूर्वी तशी नव्हती. माझ्याकडे विक्रीच्या वेळची नऊ छायाचित्रे आहेत, परंतु मेमरीच्या पट्ट्यांचे एकही नाही. अपील करता येते, असे कळले आहे. त्यात नेमके काय मांडावे?

प्रतिसाद १

मी लॅपटॉप दुरुस्तीचे काम करते, त्यामुळे आधी यंत्राविषयीच बोलते. आपण तळाचे झाकण अजून उघडले नसेल, तर कृपया उघडू नका. घासलेल्या स्क्रूंची जवळून छायाचित्रे काढा, आणि त्याच चौकटीत लॅपटॉपच्या तळावरील अनुक्रमांकाची चिठ्ठीही येऊ द्या. त्यानंतर झाकण उघडण्यापासून ते मेमरीच्या पट्टीवरील चिठ्ठी वाचता येईपर्यंतचे सर्व चित्रीकरण एकाच सलग व्हिडिओत करा, मध्ये कोठेही तोडू नका.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एसएसडी त्याच कंपनीची आहे म्हणून ती आपलीच आहे, असे समजू नका. मेमरी काढण्यासाठी झाकण उघडणाऱ्याच्या हाताशी एसएसडीही असते, आणि ती एका स्क्रूवर निघते. डिस्कच्या आरोग्याची माहिती दाखवणारे एखादे साधन चालवा. त्यात डिस्कचा स्वतःचा अनुक्रमांक दिसतो, आजवर किती तास वीज मिळाली तो आकडा दिसतो आणि एकूण किती माहिती लिहिली गेली हेही दिसते. डिस्क पूर्ण पुसली, नव्याने विंडोज टाकले, तरी हे आकडे शून्यावर येत नाहीत, कारण ते डिस्कच्या स्वतःच्या नियंत्रकात साठवलेले असतात. विक्रीपूर्वी आपण हे कधी पाहिले असेल आणि त्याचे छायाचित्र कोठे उरले असेल, तर ते शोधा.

प्रतिसाद २

काही वर्षे मी अशाच तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विभागात काम केले आहे. ज्या ठिकाणी काम केले त्याचे नाव घेत नाही, परंतु पलीकडच्या बाजूने ही प्रकरणे कशी दिसतात, हे विक्रेत्यांना कळावे, असे फार दिवसांपासून वाटत होते.

निवाडा करणाऱ्यासमोर वस्तू नसते. त्याच्यासमोर दोन अनोळखी माणसांची दोन विधाने आणि काही चित्रे असतात. कोण सज्जन वाटतो यावर तो निर्णय देऊ शकत नाही आणि देऊही नये. तो एवढेच पाहतो, की जाहिरातीतली वस्तू, डब्यात भरलेली वस्तू, खरेदीदाराच्या हाती पडलेली वस्तू आणि परत आलेली वस्तू या चारही ठिकाणी एकच वस्तू आहे, असे कागदावरून दिसते का. ही साखळी एका ठिकाणी जरी तुटली, तरी पुढचा सर्व पुरावा लटका पडतो. विक्रेते तासभराचा व्हिडिओ पाठवतात, त्यात लॅपटॉप उत्तम चाललेला दिसतो, परंतु तो कोणता लॅपटॉप आहे हे सांगणारा अनुक्रमांक त्यात एकदाही येत नाही. असा व्हिडिओ पाहून मला अनेकदा वाईट वाटले आहे, कारण माणूस खरे बोलत असावा असे जाणवत होते आणि तरीही त्याच्या बाजूने लिहिण्यासारखे हाती काहीच नव्हते.

आपल्या बाबतीत मुदत हुकली, ही खरी गफलत झाली. ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर वस्तू पोहोचल्यापासून साधारण तीस दिवस खरेदीदाराला अशी तक्रार करता येते आणि विक्रेत्याला उत्तरासाठी कामकाजाचे तीनच दिवस मिळतात. इतरत्रही विक्रेत्याची मुदत अशीच तोकडी असते. तेव्हा खरेदीदाराशी कितीही सामोपचाराने बोलणे चालू असले, तरी अधिकृत तक्रारीखालच्या रकान्यात पहिल्याच दिवशी दोन ओळी लिहून ठेवाव्यात. खाजगी फोनवर किंवा दुसऱ्या अ‍ॅपवर झालेले बोलणे निवाडा करणाऱ्याला दिसत नाही, आणि त्याचे स्क्रीनशॉट दिले तरी ते खरे आहेत की घडवलेले, हे त्याला तपासता येत नाही.

अपिलात संताप लिहू नका. खरेदीदार लबाड आहे असे एकदाही म्हणू नका. ‘अमुक तारखेला पाठवलेल्या यंत्रात अमुक क्रमांकाचा भाग होता, अमुक तारखेला परत आलेल्या यंत्रात अमुक क्रमांकाचा भाग आहे’ एवढेच वाक्य आणि त्याखाली दोन छायाचित्रे, ही मांडणी मी पाहिलेल्या सर्वांत परिणामकारक अपिलांत होती. नऊच्या नऊ छायाचित्रे पाठवलीत, तर महत्त्वाचे छायाचित्र गर्दीत हरवते.

प्रतिसाद ३

येथे बहुतेक जण विक्रेत्याच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून खरेदीदार म्हणून थोडे लिहितो. मला दोनदा असा अनुभव आला, की वर्णनात ‘उत्तम स्थितीत, अगदी नव्यासारखा’ असे होते आणि प्रत्यक्षात मोबाइलची बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नव्हती. मी तक्रार केली तेव्हा विक्रेत्याला ती खोटीच वाटली असणार, कारण त्याच्या घरी तो मोबाइल सदैव चार्जरला लावलेला असे. त्याने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याने मोजले नव्हते.

सर्वच तक्रारी कपटाने होत नाहीत. ‘उत्तम’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो, आकड्याचा मात्र नसतो. आयफोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीची उरलेली कमाल क्षमता टक्क्यांत दिसते. अ‍ॅपलच्याच सांगण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या मोबाइलची बॅटरी आदर्श परिस्थितीत ५०० पूर्ण चार्जनंतर आणि आयफोन १५ ची १००० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी, अशा बेताने बनवलेली असते. म्हणजे तीन वर्षांच्या मोबाइलला ८२ टक्के असणे हा दोष नव्हे, वय आहे. परंतु तो आकडा वर्णनात लिहिलेला नसेल, तर माझ्यासारख्याला तो दोषच वाटणार. विंडोजच्या लॅपटॉपवर पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरीचा अहवाल तयार होतो, त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता दोन्ही येतात. धागालेखकांनी ७१ टक्के असे स्वच्छ लिहिले होते, याबद्दल त्यांचे कौतुक वाटते. त्यांच्यावर ही वेळ यायला नको होती.

धागालेखक

सर्वांचे आभार. प्रतिसाद १ वाचून मी लगेच डिस्कचे आकडे पाहिले आणि अजूनही हात थरथरत आहेत. परत आलेल्या डिस्कवर वीज मिळाल्याचे तास ११,६१२ आहेत.

विक्रीच्या छायाचित्रांपैकी सातवे छायाचित्र मी मोठे करून पाहिले. जाहिरात टाकण्यापूर्वी मी डिस्कचे आरोग्य दाखवणारा पडदा मोबाइलने टिपला होता, केवळ ‘आरोग्य ९४ टक्के’ हे दाखवण्यासाठी. त्यात तास २,१४० आहेत आणि वरच्या बाजूला डिस्कचा अनुक्रमांक वाचता येतो. तो परत आलेल्या डिस्कच्या अनुक्रमांकाशी जुळत नाही. माझ्या हातून योगायोगाने एक चांगली गोष्ट घडली होती: पडद्याचा स्क्रीनशॉट न घेता मी संपूर्ण लॅपटॉपचे छायाचित्र घेतले होते, त्यामुळे डाव्या बिजागरीजवळचा तो तिरका ओरखडा त्याच चौकटीत दिसतो आहे. तोच ओरखडा परत आलेल्या यंत्रावरही आहे.

सतरा दिवसांचे तास होतात ४०८. अखंड चालू ठेवला असता तरीही २,१४० चे ११,६१२ होणे शक्य नाही. हा हिशेब अपिलात लिहावा का?

प्रतिसाद २

अवश्य लिहावा, आणि पहिल्याच ओळीत लिहावा. हा हिशेब करायला तांत्रिक ज्ञान लागत नाही, निवाडा करणाऱ्याला तो अर्ध्या मिनिटात पटतो. छायाचित्र आपण जाहिरातीतच टाकलेले असल्यामुळे त्याची तारीख संबंधित संकेतस्थळाच्या स्वतःच्या नोंदीत आहे, तीही आवर्जून नमूद करा. विक्रेत्याने नंतर सादर केलेल्या चित्रापेक्षा आधीपासून जाहिरातीत असलेल्या चित्राला फार अधिक वजन असते.

प्रतिसाद १

एक भर घालते. काही एसएसडी कमी विजेच्या अवस्थेतले तास मोजत नाहीत, त्यामुळे मोजलेला आकडा प्रत्यक्ष वेळेपेक्षा कमी येऊ शकतो. प्रत्यक्ष उलटलेल्या तासांहून अधिक वाढ मात्र एकाच डिस्कवर होऊ शकत नाही. समोरून ‘हे आकडे विश्वसनीय नसतात’ असे उत्तर आले, तर हा मुद्दा उपयोगी पडेल. अर्थात, अनुक्रमांक वेगळा असल्यावर तासांचा हिशेब हा दुजोरा आहे; मुख्य पुरावा अनुक्रमांकच.

प्रतिसाद ४

मी प्रामुख्याने मोबाइल विकते. मोबाइलमध्ये ओळख पटवणे तुलनेने सोपे आहे, कारण प्रत्येकाला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो आणि डायल करण्याच्या जागी स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश एवढे दाबले की तो पडद्यावर येतो. दोन सिमच्या मोबाइलला असे दोन क्रमांक असतात, दोन्ही टिपावेत. माझी पद्धत अशी आहे: पडद्यावर आयएमईआय उमटलेला असतानाच व्हिडिओ सुरू करायचा, मोबाइल सर्व बाजूंनी फिरवून दाखवायचा, कॅमेरा न थांबवता तो डब्यात ठेवायचा, चिकटपट्टी लावायची, पत्त्याची चिठ्ठी डकवायची आणि कुरिअरच्या पावतीवरील क्रमांक जवळून दाखवायचा. चार-साडेचार मिनिटे लागतात. जाहिरातीत मात्र आयएमईआय पूर्ण दाखवू नये, शेवटचे काही अंक झाकावेत, कारण दुसऱ्याचा क्रमांक चोरून गैरवापर करणारेही असतात.

‘सुरू होत नाही’ ही तक्रार मोबाइलच्या बाबतीत पुष्कळदा विक्रेत्याच्याच चुकीमुळे येते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. खात्यातून बाहेर न पडता मोबाइल पुसला, की समोरच्याला जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला जातो आणि मोबाइल त्याच्यासाठी निव्वळ काचेचा तुकडा ठरतो. आयफोनवर हे कुलूप आयओएस ७ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे, आणि अँड्रॉइडवर तसे संरक्षण ५.१ या आवृत्तीपासून आले. आधी खाते काढायचे, मग मोबाइल पुसायचा आणि पुसून झाल्यावर स्वागताचा पडदा आला आहे हेही व्हिडिओत घ्यायचे. माझ्यावर आलेल्या दोन तक्रारींपैकी एक अशीच होती; मी पैसे परत केले आणि क्षमा मागितली.

पडदा किंवा बॅटरी बदलून परत पाठवण्याची भीती वाटत असेल, तर आयओएस १५.२ पासून अनेक आयफोनवर बदललेला सुटा भाग अस्सल आहे की अज्ञात, हे ‘अबाउट’ या पानावर कळते. पाठवण्यापूर्वी त्या पानाचे छायाचित्र घ्यावे. पाणी गेल्याचे दाखवणारा पांढरा ठिपका सिमच्या खाचेत डोकावून पाहता येतो. पाण्याचा स्पर्श झाला की तो लाल होतो. तो पांढरा असतानाचे छायाचित्र माझ्याकडे नेहमी असते.

प्रतिसाद ५

निम्मे पैसे मागणाऱ्या खरेदीदाराला काय उत्तर द्यावे, यावर अजून कोणी लिहिले नाही. माझे मत स्पष्ट आहे: अंशतः परतावा कधीही देऊ नये, आणि परत घेण्यासही कधी नकार देऊ नये. ‘वस्तू आली तशी परत पाठवा, तपासून पूर्ण रक्कम देतो’ एवढेच उत्तर पहिल्या दिवशी अधिकृत रकान्यात लिहावे. ज्याची तक्रार खरी आहे तो आनंदाने परत पाठवतो. ज्याला तीच वस्तू स्वस्तात पदरात पाडून घ्यायची आहे, तो बहुधा येथेच गप्प होतो.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे जाहिरातीत लिहून निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. खरेदीदाराचे मन बदलले, तर त्या वाक्याचा उपयोग आहे. परंतु तक्रार ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या सदरात गेली, की ते वाक्य कोणी विचारात घेत नाही. पेपॅल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेच्या विक्रेता संरक्षणातही वस्तू पोहोचली नाही किंवा व्यवहार अनधिकृत होता, अशा तक्रारी येतात. वर्णनाशी न जुळण्याची तक्रार त्यात बसत नाही. शिवाय तेथे पैसे दिल्यापासून १८० दिवसांपर्यंत तक्रार उघडता येते, म्हणून छायाचित्रे आणि व्हिडिओ महिनाभरात पुसून टाकू नयेत. कार्डाने पैसे दिले असतील, तर खरेदीदार थेट बँकेकडेही जाऊ शकतो. त्यासाठीच परतावा नेहमी मूळ व्यवहारातूनच करावा. वेगळ्या मार्गाने पैसे पाठवले आणि मग बँकेनेही मूळ रक्कम उलटवली, तर तीच रक्कम दोनदा जाते. माझ्या एका परिचिताचे असे झाले आहे.

प्रतिसाद ६

प्रतिसाद ५ शी मी पूर्ण सहमत नाही. सुट्या भागांची अदलाबदल करणाऱ्याला ‘परत पाठवा’ हे उत्तर हवेच असते. धागालेखकांचे नेमके तेच झाले. बंद डब्यासारख्या मोबाइलला जे लागू पडते, ते चार स्क्रू काढून उघडता येणाऱ्या लॅपटॉपला किंवा संगणकाला लागू पडत नाही. तेथे परत घेण्याची तयारी दाखवण्याआधी आतल्या भागांची नोंद आपल्याकडे असायलाच हवी. मी लॅपटॉप पाठवण्यापूर्वी तळाचे झाकण उघडून मेमरी आणि डिस्क यांवरील चिठ्ठ्यांचे छायाचित्र घेतो आणि झाकण बसवल्यावर एका स्क्रूवर, काढल्यास फाटणारी लहान चिठ्ठी लावतो. वर्णनात ‘चिठ्ठी फाटलेली असल्यास परत घेताना आतील भाग क्रमांकांनुसार तपासले जातील’ असे लिहितो. हे वाक्य लिहिल्यापासून माझ्याकडे अशी तक्रार आलेली नाही. त्यामुळेच आली नाही, असा दावा मी करणार नाही.

पार्सलच्या वजनाविषयी अनेक जण सुचवतात. पावतीवर वजन नोंदवून घ्यावेच, कारण रिकामा डबा आला किंवा डब्यात भलतीच वस्तू आली, तर तो आकडा बोलतो. मेमरीची पट्टी मात्र इतकी हलकी असते, की पार्सलच्या वजनात तिचा पत्ता लागत नाही.

वाहतुकीत झालेली मोडतोड हा तिसराच प्रकार आहे आणि त्यात खरेदीदाराशी भांडणे चुकीचे ठरते. पडदा फुटलेला आहे असे कळताच ‘डबा, आतले फोम आणि चिठ्ठी यांतले काहीही टाकू नका, सर्व बाजूंनी छायाचित्रे पाठवा’ असे कळवावे. नुकसानभरपाईसाठी कुरिअर कंपनी वेष्टन तपासायला मागते आणि ते कचऱ्यात गेलेले असले, तर दोघांचेही हात रिकामे राहतात.

धागालेखक

अपिलाचा निकाल काल आला, म्हणून पुन्हा लिहीत आहे. मी सहा ओळींचे अपील केले. पहिल्या ओळीत दोन अनुक्रमांक, दुसऱ्या ओळीत २,१४०, ११,६१२ आणि ४०८ हे तीन आकडे, आणि खाली दोनच छायाचित्रे जोडली: जाहिरातीतले सातवे आणि त्याच कोनातून आज घेतलेले, दोन्हींत ओरखडा दिसेल असे. डिस्क बदलली गेल्याचे त्यांनी मान्य केले आणि परताव्यात गेलेल्या रकमेचा काही भाग मला मिळाला. मेमरीबाबत पुरावा अपुरा ठरवला. १६ जीबी दाखवणारे माझे छायाचित्र केवळ पडद्याचे होते, त्यात ना ओरखडा होता, ना अनुक्रमांक. निर्णयाचे वाईट वाटले, पण तो चुकीचा आहे असे मला म्हणता येत नाही.

प्रतिसाद ५ आणि ६ यांच्यातील मतभेदावर मी बराच विचार केला. यापुढे मी परत घेण्याची तयारी पहिल्याच दिवशी लिहीन, परंतु लॅपटॉप उघडून आतली नोंद केल्याशिवाय तो विकायला काढणार नाही.

तोच लॅपटॉप आठ जीबीची एक पट्टी बसवून पुन्हा विकायचा आहे. काल रात्री झाकण उघडले, पट्टीवरची आणि डिस्कवरची चिठ्ठी स्वच्छ वाचता येईल असा उजेड घेतला आणि झाकण उलटून शेजारी ठेवले, म्हणजे तळावरचा अनुक्रमांक आणि आतले दोन्ही क्रमांक एकाच छायाचित्रात आले. घासलेल्या दोन स्क्रूंच्या जागी नवे बसवले आहेत आणि ते बदलल्याचे वर्णनात लिहिले आहे.